यंत्राचे दप्तर

कोणत्याही जुन्या कचेरीत दोन प्रकारचे कागद असतात. एका कपाटात नियमपुस्तिका, स्थायी आदेश आणि वरिष्ठांच्या सहीची परिपत्रके नीट बांधून ठेवलेली असतात. टेबलावर मात्र आवक-जावक नोंदवही, रोकडवही आणि हजेरीपट असे रोज हाताळले जाणारे कागद दिसतात. पहिला कागद कचेरीने कसे वागावे हे सांगतो. दुसरा कचेरीत प्रत्यक्ष काय घडले ते नोंदवितो. पहिला क्वचित बदलतो, आणि बदललाच तर कोणीतरी अधिकारी व्यक्ती विचारपूर्वक तो बदलते. दुसरा दिवसातून दहादा बदलतो आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. आता एखाद्या कारकुनाने सोयीसाठी स्थायी आदेशाच्या समासातच रोजची आवक टिपावयास आरंभ केला असे समजा. काही दिवसांनी आदेश कोणता आणि टिपण कोणते हे सांगणे कठीण होईल. पुढे नवा आदेश आला म्हणून जुना काढून टाकला, तर त्याच्याबरोबर नोंदीही जातील.

संगणकाच्या पोटात नेमका हाच प्रश्न गेली पन्नासाहून अधिक वर्षे पडलेला आहे. वापरणारा माणूस पत्र लिहितो किंवा हिशेब करतो, तेव्हा त्याच्या नजरेआड अनेक लहानमोठे प्रोग्रॅम चालू असतात. एक वेळ राखतो, एक छपाईची कामे रांगेत लावतो, एक बाहेरच्या जाळ्याशी संबंध जोडतो. या सर्वांना मिळून सिस्टिम सॉफ्टवेअर म्हणतात. अशा प्रत्येक प्रोग्रॅमला दोन प्रकारची माहिती जवळ बाळगावी लागते. छपाईयंत्र कोणते वापरावे, घड्याळ कोणत्या प्रमाणवेळेवर चालवावे, अशा माणसाने दिलेल्या सूचना हा पहिला प्रकार. त्यांना ‘कॉन्फिगरेशन’ म्हणतात. आतापर्यंत काय झाले, रांगेत किती कामे आहेत, घड्याळ शेवटचे केव्हा लावले, ही यंत्राची स्वतःची आठवण हा दुसरा प्रकार. त्याला ‘स्टेट’ म्हणजे स्थिती असे नाव आहे. सूचनेची फाइल आणि स्थितीची फाइल यांनी एकाच कप्प्यात राहावे की वेगवेगळ्या, हा प्रश्न वरवर पाहता घरातील फडताळ लावण्याइतका किरकोळ वाटतो. तथापि त्याच्या उत्तरावर कित्येकदा साऱ्या कचेरीचे काम अवलंबून असते.

या प्रश्नाचा इतिहास युनिक्स या प्रणालीपासून सुरू होतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली तिच्या रचनेस आरंभ केला. आज जगातील बहुसंख्य सर्व्हर ज्या लिनक्सवर चालतात, ती प्रणाली युनिक्सच्याच घडणीची आहे. युनिक्समध्ये सर्व फाइली एका झाडासारख्या रचनेत ठेवल्या जातात, आणि मुळापासून फुटणाऱ्या फांद्यांना आखूड नावे दिलेली असतात. त्यांतील एका फांदीचे नाव ‘एटसी’. ‘एट्सेटरा’ या लॅटिन शब्दाचे ते संक्षिप्त रूप, म्हणजे मराठीत सांगावयाचे तर ‘इत्यादी’. जे इतरत्र कोठे बसत नाही ते येथे ठेवावे, असा हा इत्यादींचा कप्पा होता. त्यात वापरणाऱ्यांच्या नावांची यादी होती, यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम होता, आणि पुढे त्या क्षणी यंत्रावर कोण काम करीत आहे याची नोंदही तेथेच आली. सूचना, अवजारे आणि आठवणी एकत्र नांदत होत्या. यंत्र एकच, त्याची राखण करणारे हात ओळखीचे. त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती यंत्रे वाढू लागली तेव्हा. १९८० च्या दशकात सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने स्वतःची डिस्क नसलेली कार्यस्थानके विकावयास आणली. अशी अनेक कार्यस्थानके जाळ्यावरून एकाच मोठ्या यंत्राची डिस्क वापरीत. सर्वांना सामाईक असणारे प्रोग्रॅम ‘यूएसआर’ नावाच्या कप्प्यात असत. परंतु त्याच कप्प्यात टपालाची पेटी, छपाईची रांग आणि रोजच्या नोंदीही असत. दहा यंत्रे एकच कप्पा वापरू लागली, तर दहाजणांची टपालपेटी एक व्हावयाची! यावर उपाय म्हणून, चालू कामात जे जे बदलते ते तेथून उचलून ‘व्हार’ या नव्या कप्प्यात नेण्यात आले. ‘व्हेरिएबल’ म्हणजे बदलणारे, यावरून हे नाव पडले. आता ‘यूएसआर’वर ‘फक्त वाचावे, लिहू नये’ अशी मोहोर मारता आली आणि प्रत्येक यंत्राची ‘व्हार’ तेवढी स्वतंत्र राहिली.

लिनक्स पसरू लागल्यावर तिच्या निरनिराळ्या वितरकांनी आपापल्या सवयीप्रमाणे फाइली ठेवल्या, आणि एका घरचा प्रोग्रॅम दुसऱ्या घरी बावचळू लागला. म्हणून १९९४ च्या फेब्रुवारीत एक सामाईक नियमावली प्रसिद्ध झाली. तिचीच पुढची रूपे ‘फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड’ या नावाने ओळखली जातात. तिसरी आवृत्ती २०१५ साली निघाली. या नियमावलीने प्रत्येक फाइलीला दोन प्रश्न विचारले. ही फाइल अनेक यंत्रांना सामाईक ठेवता येईल काय? आणि राखणदाराच्या हस्तक्षेपावाचून ती बदलते काय? ‘एटसी’त स्थिर आणि त्या यंत्रापुरत्या सूचनाच असाव्यात, चालविण्याचे प्रोग्रॅम तेथे नसावेत, असे ठरले. यंत्राच्या आठवणी ‘व्हार’मध्ये गेल्या, आणि तेथेही त्यांची प्रतवारी झाली.

ही प्रतवारी लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे, कारण सर्व आठवणींचे मोल सारखे नसते. ‘कॅश’ या उपकप्प्यात पुन्हा तयार करता येण्याजोग्या वस्तू राहतात. त्या पुसल्या तर यंत्राला थोडे अधिक श्रम पडतील, इतकेच. ‘लॉग’मध्ये घडलेल्या गोष्टींची रोजनिशी असते. ‘स्पूल’मध्ये व्हावयाची कामे वाट पाहत बसतात. ‘लिब’ या उपकप्प्यात मात्र प्रोग्रॅमची खरी स्थिती असते, आणि ती गेली तर कोणालाही पुन्हा निर्माण करता येत नाही. अनेक प्रणालींत संपूर्ण डेटाबेस, म्हणजे एखाद्या पतपेढीची सारी खाती, येथेच वसतात. ‘व्हार’ म्हणजे यंत्राचा केरकचरा अशा समजुतीने जागा मोकळी करावयास निघालेल्या राखणदाराने हा भेद न ओळखला, तर एका आज्ञेसरशी वर्षांचा हिशेब नाहीसा होतो. याशिवाय २०११ पासून ‘रन’ हा आणखी एक कप्पा रूढ झाला. तो डिस्कवर नसून यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत असतो आणि यंत्र बंद होताच पुसला जातो. हा प्रोग्रॅम आत्ता चालू आहे, ही जोडणी आत्ता जुळलेली आहे, अशा केवळ वर्तमानकाळातील गोष्टी तेथे ठेवतात.

इतकी चोख वाटणी झाल्यावर प्रश्न संपावयास हवा होता. तो संपला नाही, याचे कारण एका लहानशा फाइलीच्या उदाहरणावरून चांगले कळते. तिचे नाव ‘अ‍ॅडजटाइम’.

प्रत्येक संगणकात बॅटरीवर चालणारे एक लहान घड्याळ असते. यंत्र बंद असतानाही ते चालू राहते. मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे तेही थोडे पुढे किंवा मागे पडते, आणि प्रत्येक घड्याळाची खोड वेगळी. हे घड्याळ राखणारा लिनक्सचा प्रोग्रॅम ही खोड मोजून ठेवतो. एकदा बरोबर वेळ लावल्यानंतर तीस दिवसांनी पुन्हा लावताना घड्याळ साठ सेकंद मागे आढळले, तर ते रोज दोन सेकंद मागे पडते, असा हिशेब करून तो ‘अ‍ॅडजटाइम’मध्ये लिहून ठेवतो. फाइलीत तीनच ओळी असतात. पहिलीत रोजची चूक आणि शेवटच्या दुरुस्तीची वेळ, दुसरीत शेवटच्या तपासणीची वेळ. या दोन्ही ओळी यंत्राच्या हातच्या आहेत. तिसऱ्या ओळीत एकच शब्द असतो. हे घड्याळ जागतिक प्रमाणवेळ दाखविते की स्थानिक वेळ, ते तो शब्द सांगतो, आणि हे ठरविणे माणसाकडे असते.

सुरुवातीला ही फाइल ‘एटसी’त होती. वर सांगितलेल्या नियमावलीच्या पुढच्या एका आवृत्तीने तिला ‘व्हार’मधील ‘लिब’मध्ये जागा नेमून दिली, प्रोग्रॅम स्वतः जी फाइल बदलतो ती ‘एटसी’त असणे उघडच चुकीचे, असे कारणही नोंदविले. पहिल्या दोन ओळींपुरते ते कारण बिनतोड आहे. परंतु तिसऱ्या ओळीचे काय? आजही अनेक लिनक्स यंत्रांत ही फाइल ‘एटसी’तच नांदते आहे. नियमावली एक सांगते, व्यवहार दुसरे करतो, आणि दोघांच्याही बाजूने काही सत्य आहे.

यात प्रत्यक्ष नुकसान काय, असे कोणी विचारील. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन प्रणाली असल्या की विंडोजच्या रीतीप्रमाणे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवतात आणि तिसऱ्या ओळीत तसे लिहून ठेवतात. यंत्राची आठवण समजून कोणी ही फाइल पुसून टाकली, तर घड्याळ जागतिक वेळेवर आहे असे लिनक्स गृहीत धरते. भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे सकाळचे दहा वाजले असता यंत्र दुपारचे साडेतीन दाखवू लागते. जाळ्याशी जोडलेले यंत्र लवकरच आपली चूक सुधारून घेते. न जोडलेले यंत्र दिवसभराच्या साऱ्या नोंदींवर खोटी वेळ उमटवीत बसते. उलट, सूचनेची फाइल समजून तीच दुसऱ्या यंत्रावर उतरविली, तर पहिल्या घड्याळाची खोड दुसऱ्या निरपराध घड्याळाच्या माथी बसते. या फाइलीत दोन हातांचे लेखन एकत्र झालेले आहे. म्हणून ती कोठेही ठेवली तरी निम्मी चुकीच्या जागी राहते.

येथे प्रश्नाचे मर्म हाती लागते. फाइल कोठे ठेवावी याचा निर्णय तिच्या नावावरून किंवा आकारावरून होत नाही; ती कोणाच्या हातची आहे, यावरून तो होतो. माणसाचा निर्णय नोंदविणाऱ्या फाइलीत यंत्राने लिहू नये. यंत्राच्या आठवणीच्या फाइलीत माणसाला हात घालावा लागू नये. एकाच फाइलीत दोघांना लिहावे लागत असेल, तर तिचे दोन भाग करावेत. त्यानंतर कप्प्याचा प्रश्न जवळजवळ आपोआप सुटतो.

हा नियम मोडल्याची आणखी दोन उदाहरणे पाहिली की त्याचे महत्त्व पटते. यंत्राला कोणत्या डिस्का जोडलेल्या आहेत याची यादी पूर्वी ‘एटसी’तील ‘एमटॅब’ या फाइलीत लिहिली जाई. डिस्क जोडताना नोंद करावयाची, काढताना खोडावयाची. पण यंत्र अचानक बंद पडले, तर खोडण्यास सवडच मिळत नसे आणि काढलेली डिस्क यादीत तशीच राही. शिवाय दुरुस्तीसाठी मूळ डिस्क ‘फक्त वाचावे’ अशा रीतीने उघडली, की नोंद करणेच अशक्य होई. त्यासाठी ‘नोंद न करता जोड’ अशी खास सोय आज्ञेत ठेवावी लागली. वास्तविक कोणती डिस्क जोडलेली आहे हे प्रणालीच्या गाभ्याला केव्हाही ठाऊक असतेच. म्हणून आजच्या लिनक्समध्ये ‘एमटॅब’ ही नुसती खूण उरली आहे. ती वाचणाऱ्याला थेट गाभ्याच्या माहितीकडे पाठविते. जी स्थिती मुळातच दुसरीकडे अचूक उपलब्ध आहे तिची नक्कल ठेवूच नये, हा धडा त्यातून मिळाला.

दुसरे उदाहरण छपाईचे. अनेक संगणकांवर छपाईचे काम पाहणारी ‘कप्स’ नावाची व्यवस्था आपली छपाईयंत्रांची यादी ‘एटसी’त ठेवते. त्या यादीत छपाईयंत्राचे नाव आणि पत्ता असतो; तो माणसाने ठरविलेला. त्याच यादीत ते यंत्र रिकामे आहे की थांबलेले आणि केव्हापासून, हेही असते. ते व्यवस्था स्वतः लिहिते. परिणामी, ही व्यवस्था चालू असताना या फाइलीत हात घालू नये, अशी ताकीद फाइलीच्या माथ्यावरच द्यावी लागली आहे. सूचना ज्याने द्यावयाच्या, त्यालाच सूचनेच्या वहीपासून दूर राहण्यास सांगावे लागते!

ही वाटणी नीट असल्याचे फळ तीन प्रसंगी दिसते. पहिला प्रसंग प्रणाली अद्ययावत करण्याचा. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स प्रणालीत नवी आवृत्ती उतरविताना जुन्या सूचनांच्या फाइली तपासल्या जातात. राखणदाराने एखादी फाइल बदललेली असेल आणि नव्या आवृत्तीतही ती बदललेली असेल, तर कोणती ठेवू, असे यंत्र विचारते. सी-डॅकने २००७ साली प्रसृत केलेली भारतातील ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. आता ती फाइल जर प्रोग्रॅमनेच बदललेली असली, तर राखणदाराला त्याने कधीही न केलेल्या बदलाबद्दल उत्तर द्यावे लागते. तो गोंधळून ‘नवी ठेव’ म्हणतो, आणि त्या फाइलीत अन्यत्र असलेला त्याचा एखादा जुना, विचारपूर्वक घेतलेला निर्णय नकळत पुसला जातो. फेडोरा सिल्व्हरब्लूसारख्या नव्या प्रणालींनी याहून पुढचे पाऊल टाकले आहे. तेथे अद्ययावत करताना प्रोग्रॅमांचा कप्पा संपूर्ण बदलला जातो, ‘व्हार’ला स्पर्श केला जात नाही, आणि ‘एटसी’त माणसाने केलेले बदल तेवढे जपून नव्यात मिळविले जातात. कप्पे शुद्ध असतील तरच ही किमया साधते.

दुसरा प्रसंग नकलेचा. एखाद्या शाळेत वीस संगणक आले, तर एक नीट लावून उरलेल्या एकोणीसांवर त्याची नक्कल उतरविणे हा सोपा मार्ग. अशा वेळी सूचना जाव्यात आणि आठवणी जाऊ नयेत. आजच्या बहुतेक लिनक्स यंत्रांत ‘मशीन-आयडी’ नावाची एक फाइल असते. यंत्र प्रथम सुरू होताना स्वतःला एक बत्तीस अक्षरांचा ओळखक्रमांक देते आणि तो त्यात लिहिते. ही फाइलही ‘एटसी’तच असते. ती तशीच उतरविली, तर वीस यंत्रे एकाच नावाने वावरू लागतात. जाळ्यातील पत्ता मागताना हा क्रमांक वापरणाऱ्या यंत्रांत मग दोघांना एकच पत्ता मिळण्याचा घोळही होऊ शकतो. म्हणून नक्कल काढण्यापूर्वी ती रिकामी करावी, असे जाणकार सांगतात.

तिसरा प्रसंग आपत्तीचा. डिस्क निकामी झाल्यावर काय वाचवावयाचे? प्रोग्रॅम पुन्हा मिळतात. सूचना थोड्या असतात, पण त्यांत राखणदाराची वर्षांची जाणकारी साठलेली असते. ‘लिब’मधील स्थिती पुन्हा मिळत नाही, तिची प्रत रोज काढावी लागते. ‘कॅश’ची प्रत काढणे म्हणजे डिस्कची नासाडी. ज्याचे कप्पे वेगळे, त्याला हे ठरविण्यास एक क्षण पुरतो.

काही फाइली मात्र कोणत्याही वाटणीला दाद देत नाहीत. वापरणाऱ्यांच्या संकेतशब्दांची फाइल घ्या. संकेतशब्द माणूस ठरवितो, म्हणून ती सूचना. पण राखणदाराला न विचारता कोणीही कर्मचारी आपला शब्द कोणत्याही दिवशी बदलतो, म्हणून ती स्थिती. ती आजही ‘एटसी’त आहे, आणि त्यामुळे ‘एटसी’ संपूर्णपणे ‘फक्त वाचावे’ अशी ठेवणे अवघड जाते. वैयक्तिक फाइलींच्या बाबतीतही असेच घडले. प्रत्येकाच्या घरच्या कप्प्यात सूचना, माहिती आणि कॅश कोठे ठेवावी याचे संकेत ‘एक्सडीजी’ या नियमावलीने २००३ साली घालून दिले. स्थितीला स्वतंत्र जागा मिळावयास मात्र २०२१ साल उजाडले. अठरा वर्षे ती दुसऱ्यांच्या घरी पाहुणी म्हणून राहत होती.

ज्यांचा या कप्प्यांशी कधी संबंध येत नाही, त्यांनाही हा भेद एका प्रसंगी जाणवतो. अँड्रॉइड फोनमध्ये मूळ प्रणाली एका कप्प्यात आणि बाकी सारे ‘डेटा’ या दुसऱ्या कप्प्यात असते. फोन बिघडला म्हणून ‘फॅक्टरी रिसेट’ केला की तो दुसरा कप्पा पुसला जातो. बिघडलेली आठवण त्यात जाते हे इष्टच; पण अक्षरांचा आकार, वाय-फायचे संकेतशब्द आणि वर्षभर सवयीने जमवून आणलेली मांडणीही जाते. प्रत अन्यत्र ठेवलेली नसेल, तर सारे पुन्हा आरंभापासून लावावे लागते. वृद्ध माणसाच्या फोनवर मुलाने मोठी करून दिलेली अक्षरे एका सकाळी लहान झालेली आढळतात. यंत्राने त्यांच्या इच्छेची वही आपल्या आठवणींच्या गठ्ठ्यात ठेवली होती, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

कचेरीतील आदेशाचा कागद आणि नोंदवही यांना वेगळी कपाटे देणारा कारकून कोणताही मोठा शोध लावीत नाही. पुढे कधीतरी आपल्या जागी येणाऱ्या अनोळखी माणसाचा तो विचार करतो. सिस्टिम सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याकडूनही तेवढीच अपेक्षा आहे. त्याचा प्रोग्रॅम वापरणारा राखणदार एखाद्या रात्री, बंद पडलेल्या यंत्रापुढे, घाईत आणि काळजीत बसलेला असेल. समोरच्या फाइलीत माणसाचा शब्द आहे की यंत्राची आठवण, हे त्या वेळी त्याला केवळ कप्पा पाहून कळले पाहिजे.